सोन्याच्या राज्यातील लोखंडी रक्षक

राज्यक्रांतीच्या विज्ञानकादंबऱ्या भविष्यकाळात घडतात. पण त्यांची शिदोरी बहुधा भूतकाळातूनच आणलेली असते. अमेरिकन लेखक पीअर्स ब्राऊन यांची ‘रेड रायझिंग’ (२०१४), ‘गोल्डन सन’ (२०१५) आणि ‘मॉर्निंग स्टार’ (२०१६) ही कादंबरीत्रयी याचे ठळक उदाहरण म्हणता येईल. तरुण वाचकांत तिचा मोठा बोलबाला झाला. घरातल्या मुलांनी आग्रह केल्यावाचून आमच्या पिढीतील फारसे कोणी तिच्या वाटेला गेले नसते, हेही खरे. अंतराळयाने, द्वंद्वयुद्धे आणि विश्वासघात यांची तिच्यात रेलचेल आहे. विज्ञान म्हणाल तर ते यथातथाच. परंतु या साऱ्या गर्दीत एक जुना आणि गंभीर प्रश्न लेखकाने धरून ठेवला आहे. जन्मावरून माणसांची कामे आणि दर्जे ठरविणारी समाजरचना कशाच्या बळावर टिकते, आणि ती मोडायची तर मोडणारा माणूस येतो कोठून? इतिहासाने या प्रश्नाला दिलेली काही उत्तरे आणि या त्रयीने दिलेले उत्तर एकमेकांशेजारी ठेवून पाहावीत, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

ज्यांनी ही त्रयी वाचलेली नाही त्यांच्यासाठी तिचा आरंभ थोडा विस्ताराने सांगणे भाग आहे. माझ्या मते तिचे खरे बळ त्या आरंभीच्या प्रकरणांतच आहे. मनुष्यजात सूर्यमालेत सर्वत्र पसरली असून समाजाची विभागणी चौदा ‘रंगां’त झालेली आहे. शिरोभागी सुवर्णवर्ग. त्याखाली पैशाचे व्यवहार सांभाळणारे रुपेरी, कारभार पाहणारे तांबे, जहाजे हाकणारे निळे, वैद्यकी करणारे पिवळे, शिपाईगिरी करणारे करडे, यंत्रे दुरुस्त करणारे नारिंगी, घरकाम करणारे तपकिरी, इतरांच्या सुखासाठीच घडविलेले गुलाबी, अशी उतरंड लागलेली आहे. अगदी तळाशी लाल. मंगळाच्या पोटातील लायकोस नावाच्या खाणीत डॅरो हा सोळा वर्षांचा लाल तरुण हेलियम-३ काढण्याचे अतिशय जोखमीचे काम करतो. त्याच्या जातभाईंना पिढ्यान्‌पिढ्या सांगितलेले असते की, मंगळाचा पृष्ठभाग अजून राहण्याजोगा झालेला नाही. तुम्ही उपसलेल्या द्रव्यातून उद्या तेथे हवा-पाणी निर्माण होईल. तुम्ही मनुष्यजातीचे अग्रदूत आहात, आणि तुमच्या त्यागावर पुढच्या पिढ्या उभ्या राहतील.

हे सारे खोटे आहे. वर केव्हाचीच शहरे वसली आहेत, समुद्र भरले आहेत आणि सुवर्णवर्ग तेथे शतकानुशतके ऐषआरामात राहतो आहे. पण हे खोटे कशा जातीचे आहे, याकडे लक्ष द्यावयास हवे. लालांना कोणी ‘तुम्ही नीच आहात’ असे सांगत नाही. ‘तुम्ही शूर आहात’ असे सांगते. गुलामाला त्याच्या गुलामीचा अभिमान वाटावा, अशी ती योजना आहे. तिच्या जोडीला एक बक्षीस आहे. खाणीतील जे कूळ सर्वांत जास्त माल काढील त्याला ‘लॉरेल’ मिळते, म्हणजे पोटभर अन्न आणि चार चैनीच्या वस्तू. प्रत्यक्षात आकडे काही असोत, बक्षीस गामा कुळालाच जाते. परिणामी लायकोसमधील इतर कुळे सुवर्णवर्गाचा द्वेष करीत नाहीत, कारण तो त्यांना क्वचितच दिसतो. ती गामांचा द्वेष करतात, कारण ते शेजारच्या बोगद्यात राहतात.

डॅरोची पत्नी इओ हिला हे उमगलेले असते. मनाई असलेल्या ठिकाणी गेल्याबद्दल दोघांना चाबकाचे फटके मारण्यात येतात. त्या वेळी मंगळाचा सुभेदार नीरो औ ऑगस्टस याच्यासमोर ती बंदी घातलेले एक गाणे म्हणते आणि फासावर जाते. मंगळावर गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या सुमारे ३८ टक्केच असल्याने फाशी दिलेल्या माणसाची मान आपोआप मोडत नाही. त्याचे हाल संपवायचे तर आप्तांनी पाय धरून खाली ओढावे लागते. राज्यकर्ते ही मुभा उदारपणे देतात. डॅरो पत्नीचे पाय ओढतो. मनाई मोडून तो तिचे प्रेत पुरतो तेव्हा सोफोक्लीसची अँटिगनी आठवल्यावाचून राहत नाही. मात्र अँटिगनीच्या वाट्याला आपल्या माणसाचे पाय ओढण्याचा प्रसंग आला नव्हता.

या खोट्याचे मूळ शोधायचे तर प्लेटोकडे जावे लागते. ‘रिपब्लिक’च्या तिसऱ्या भागात सॉक्रेटिस संकोचतच एक कथा सांगतो. आदर्श नगरातील नागरिकांना सांगावे की, तुमचे बालपण आणि शिक्षण हे सारे स्वप्न होते. वस्तुतः तुम्ही जमिनीच्या पोटात घडविले गेलात आणि तयार झाल्यावर धरणीमातेने तुम्हांला वर पाठविले. तुम्ही सर्व भाऊभाऊ आहात. परंतु देवाने राज्य करण्याजोग्यांच्या घडणीत सोने मिसळले, त्यांच्या साहाय्यकांत चांदी, आणि शेतकऱ्यांत व कारागिरांत लोखंड व तांबे. कथेच्या शेवटी एक देववाणीही आहे. ज्या दिवशी लोखंडाचा किंवा तांब्याचा माणूस नगराचा रक्षक होईल त्या दिवशी नगराचा नाश होईल.

ब्राऊन यांची त्रयी ही त्या देववाणीची कादंबरी आहे, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. प्लेटोचे नागरिक जमिनीच्या पोटात घडल्याची केवळ समजूत बाळगतात. डॅरो खरोखरच तेथून वर येतो. बंडखोरांची ‘सन्स ऑफ एरीस’ ही गुप्त संघटना त्याला फासावरून वाचविते, आणि मिकी नावाचा जांभळ्या वर्गातील शिल्पकार-शल्यविशारद त्याची हाडे, स्नायू, डोळे सारे काही बदलून त्याला सुवर्णवर्गीय बनवितो. मग हा लोखंडी माणूस सोन्याच्या मुलाम्यानिशी रक्षकांच्या शाळेत दाखल होतो, सेनापती होतो आणि तिसऱ्या खंडाच्या अखेरीस राज्य उलथून टाकतो.

प्लेटोने आपल्या कथेत एक पळवाट ठेवली होती. सोन्याच्या आईबापांपोटी कधी लोखंडाचे मूल जन्मले तर त्याला निर्दयपणे खाली पाठवावे आणि लोखंडाच्या पोटी सोने निपजले तर त्याला सन्मानाने वर घ्यावे, असे तो सांगतो. आपल्याकडे ‘चातुर्वर्ण्य जन्मावर नसून गुणकर्मावर आहे’ असे सांगणाऱ्यांची भूमिका याहून फारशी निराळी नव्हती. लाहोरच्या जात-पात-तोडक मंडळासाठी लिहिलेले आणि मंडळाने अधिवेशनच रद्द केल्यामुळे १९३६ साली स्वखर्चाने छापलेले डॉ. आंबेडकरांचे ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ हे भाषण या दृष्टीने पुन्हा वाचण्यासारखे आहे. बडोदे सरकारच्या शिष्यवृत्तीवर १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेलेल्या आंबेडकरांनी तेथे जॉन ड्यूई यांच्या हाताखाली अध्ययन केले होते. प्लेटोवरील त्यांच्या टीकेत ड्यूई यांचा ठसा स्पष्ट दिसतो. माणसांच्या प्रवृत्ती असंख्य असताना त्यांना तीन-चार कप्प्यांत कोंबणे हाच प्लेटोचा मूळ दोष, असे ते म्हणतात. प्रत्येक व्यक्ती ही स्वतःच एक वर्ग असते. गुणकर्मवाद्यांना ते एक अगदी व्यवहारी प्रश्नही विचारतात. जन्माच्या आधारे ज्यांनी वरची जागा बळकावली आहे, त्यांना ती रिकामी करावयास तुम्ही कसे भाग पाडणार?

ब्राऊन यांच्या सुवर्णवर्गाने ही पळवाट बंदच करून टाकली आहे. त्यांनी प्लेटोची थाप शरीरशास्त्रात उतरविली. पिढ्यान्‌पिढ्यांच्या निवडीने आणि जननिक फेरफारांनी प्रत्येक रंग खरोखरच वेगळ्या घडणीचा केला. त्यामुळे सुवर्णवर्गीय सांगतात त्यातील निम्मे तरी आता खरे झाले आहे. ते खरोखरच अधिक उंच, अधिक बलवान, अधिक चपळ आहेत. क्रांतिकारकाला ‘हे सारे थोतांड आहे’ एवढे म्हणून भागत नाही. कादंबरीतील ही कल्पना भयंकर आहे. पुढे लेखक तिच्यापासून थोडा दूर पळतो असे मला वाटते. त्याकडे नंतर वळू.

प्लेटोसमोर एक जिवंत नमुना होता, तो स्पार्टाचा. स्पार्टाचे नागरिक शेती करीत नसत, धंदा करीत नसत. लहानपणापासून युद्धाचे शिक्षण घेणे आणि आयुष्यभर लष्करी भोजनगृहांत जेवणे हाच त्यांचा व्यवसाय. त्यांची शेते कसत ते हेलॉट. स्पार्टाच्या शेजारच्या मेसेनियाची सबंध प्रजाच्या प्रजा जिंकून या दर्जाला आणली होती. इ. स. पू. ४७९ मधील प्लाटियाच्या लढाईत पाच हजार स्पार्टन नागरिकांबरोबर प्रत्येकी सात याप्रमाणे पस्तीस हजार हेलॉट होते, असे हेरोडोटस सांगतो. हा आकडा जसाच्या तसा मानला नाही तरी प्रमाण लक्षात येते. मूठभर मालकांनी इतक्या माणसांत निर्धास्त झोपायचे कसे?

त्याची एक युक्ती थुसिडिडीसने नोंदविली आहे, आणि ती वाचताना लायकोसमधील लॉरेल आठवते. स्पार्टाने एकदा जाहीर केले की, ज्या हेलॉटांनी युद्धात राज्याची सर्वांत मोठी सेवा केली आहे असे त्यांना स्वतःला वाटते, त्यांनी पुढे यावे. त्यांना स्वातंत्र्य देण्यात येईल. जो आधी पुढे येईल तोच सर्वांत मानी आणि म्हणून बंडाला सर्वांत योग्य, हा त्यामागचा हिशेब. सुमारे दोन हजार जण निवडले गेले. त्यांनी डोक्यावर पुष्पमाला घातल्या, देवळांना प्रदक्षिणा घातल्या. त्यानंतर थोड्याच काळात ते नाहीसे झाले आणि कोण कसा मारला गेला हे कोणाला कळले नाही. थुसिडिडीस हे इ. स. पू. ४२४ च्या घडामोडी सांगताना सांगतो, आणि त्याच ओघात हेही सांगतो की, त्या वर्षी ब्रासिडासबरोबर सातशे हेलॉट सैनिक म्हणून थ्रेसकडे पाठविण्यात आले. ते परतल्यावर त्यांना खरोखरच स्वातंत्र्य मिळाले. बक्षीस कधी खोटे, कधी खरे. नेहमीच खोटे असते तर त्यासाठी कोणी पुढे आलाच नसता. ब्राऊन यांच्या खाणीतही गामांना मिळणारे अन्न खरेच असते.

दुसरी युक्ती प्लुटार्कने लायकर्गसच्या चरित्रात दिली आहे. निवडक स्पार्टन तरुणांना केवळ खंजीर आणि जुजबी शिधा देऊन रानात सोडले जाई. दिवसा त्यांनी लपावे आणि रात्री रस्त्यावर सापडेल त्या हेलॉटास ठार करावे. या प्रथेला क्रिप्टिया म्हणत. ॲरिस्टॉटलचा हवाला देऊन प्लुटार्क सांगतो की, स्पार्टाचे अधिकारी दरवर्षी पदावर येताच हेलॉटांविरुद्ध रीतसर युद्ध पुकारीत, म्हणजे या हत्यांचे पातक लागू नये. ‘रेड रायझिंग’मधील सुवर्ण मुलांच्या शाळेचा आरंभ असाच रक्ताने होतो, मात्र तेथे त्यांना आपल्याच वर्गातील सहाध्यायी मारावा लागतो. डॅरोच्या वाट्याला ज्युलियन नावाचा कोवळा मुलगा येतो आणि डॅरो त्याला मारतो. ब्राऊन यांचा हा फेरफार मला मोठा अर्थपूर्ण वाटतो. सुवर्णवर्गाला लालांची भीतीच उरलेली नाही. आपल्याच मुलांतील कोवळेपणाची तेवढी आहे.

याच प्रकरणात प्लुटार्क आणखी एक लहानशी हकीकत सांगतो. थिबीझच्या सैन्याने लॅकोनियावर स्वारी केली तेव्हा काही हेलॉट त्यांच्या हाती लागले. थिबीझवाल्यांनी त्यांना टर्पांडर, आल्कमन अशा नामांकित कवींची गाणी म्हणावयास सांगितले. त्यांनी नकार दिला. आमच्या मालकांना ते आवडत नाही, असे ते म्हणाले. मालक आसपास नव्हते. समोर उभे होते ते मालकांचे शत्रू. तरीही गाणे ओठांवर आले नाही. काही अभ्यासकांना या उत्तरात उपहास दिसतो, काहींना भय. इओचे गाणे वाचल्यानंतर ही हकीकत वाचली म्हणजे कादंबरीकाराने कशावर बोट ठेवले आहे ते ध्यानात येते.

चौदा रंगांची उतरंड मात्र स्पार्टात नव्हती. तेथे मालक आणि हेलॉट यांच्यामधला वर्ग जवळपास एकच, आसपासच्या गावांतील स्वतंत्र पण अधिकारहीन रहिवाशांचा. रंगांच्या उतरंडीचा खराखुरा दाखला पाहायचा तर अठराव्या शतकातील सां-दोमिंग या फ्रेंच वसाहतीकडे, म्हणजे आजच्या हैतीकडे जावे लागते. साखर आणि कॉफी पिकविणाऱ्या या वसाहतीत १७८९ च्या सुमारास पाच लाखांच्या आसपास गुलाम होते, तर गोरे तीस-चाळीस हजार आणि जवळजवळ तितकेच मिश्र वा कृष्णवर्णीय स्वतंत्र लोक. वसाहतीतील कायदेपंडित मोरो द सां-मेरी याने १७९७ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात माणसाच्या रक्ताचे १२८ भाग कल्पिले, आणि त्यातील किती गोरे व किती काळे यावरून मिश्रणांची नावांसह श्रेणी लावली. ही एका विद्वान, कष्टाळू माणसाची गंभीर मांडणी होती. ती वाचताना ब्राऊन यांचे चौदा रंग फारच साधे वाटू लागतात.

अशा उतरंडीने काय साधते याचे सर्वांत नेमके विवेचन पुन्हा आंबेडकरांकडेच सापडते. जातिव्यवस्थेत सगळेच गुलाम असले तरी सगळे सारख्या दर्जाचे गुलाम नसतात. प्रत्येकाच्या खाली कोणीतरी असते आणि म्हणून प्रत्येकाला गमावण्यासारखे काहीतरी असते. बेड्यांखेरीज गमावण्यासारखे काही नाही, ही मार्क्सची हाक येथे कोणाच्या कानी पडणार? इतर देशांत सामाजिक क्रांत्या झाल्या, त्या हिंदुस्थानात का झाल्या नाहीत, याचेही उत्तर त्यांनी दिले आहे. खालच्या वर्गांना शस्त्र आणि शिक्षण दोन्ही नाकारल्यामुळे त्यांना प्रतिकाराचे साधनच उरले नाही. परदेशीच्या मुक्तिसंग्रामांकडे आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने पाहण्याची मराठीतील ही रीत १८७३ इतकी तरी जुनी आहे; त्या वर्षी जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ गुलामांची मुक्तता करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांस अर्पण केला होता.

शस्त्र आणि शिक्षण नाकारले असेल तर क्रांतीचा नेता येणार कोठून? ब्राऊन यांचे उत्तर आपण पाहिले: त्याला मालकाच्या शरीरात घालून मालकाच्या शाळेत पाठवा. यात इतिहासाचा आधार मुळीच नाही असे नाही. स्पार्टाकस हा थ्रेसचा रहिवासी एकेकाळी रोमन सैन्यात होता, असे आपियन सांगतो. आणि कापुआच्या ज्या आखाड्यातून इ. स. पू. ७३ मध्ये तो आणि त्याचे सत्तराहून थोडे अधिक सोबती स्वयंपाकघरातील सुऱ्या व सळया घेऊन निसटले, त्या आखाड्यात रोमनांच्या करमणुकीसाठी त्यांना लढण्याचेच शिक्षण मिळत होते. दोन वर्षे त्यांनी रोमन सैन्यांना धूळ चारली. इ. स. पू. ७१ मध्ये त्यांचा पाडाव झाल्यावर सहा हजार कैद्यांना कापुआपासून रोमपर्यंतच्या रस्त्यावर क्रुसांवर चढविण्यात आले.

सां-दोमिंगचा तुसां लूव्हर्त्यूर गुलाम म्हणून जन्मला, ब्रेडा मळ्यावर घोडे व गाडी सांभाळीत असे, आणि १७९१ मध्ये बंड पेटले तेव्हा त्याला स्वतंत्र होऊन बरीच वर्षे झाली होती. एके काळी त्याने गुलामांसकट एक मळाही खंडाने घेतला होता. मालकांचे जग त्याला आतून ठाऊक होते. प्रथम स्पेनच्या आणि १७९४ मध्ये फ्रान्सने गुलामगिरी रद्द केल्यानंतर फ्रान्सच्या झेंड्याखाली लढून तो सेनापती झाला. डॅरोशी त्याचे साम्य उघड आहे.

परंतु येथेच इतिहास त्रयीला सोडून निराळ्या वाटेने जातो. ऑगस्ट १७९१ मधील उठाव तुसांने घडविला नव्हता. त्याची आखणी केली ती बूकमन आणि त्याच्यासारख्या मळ्यांवरील मुकादमांनी आणि गाडीवानांनी. मुकादम म्हणजे हाती चाबूक दिलेला गुलाम; इतरांपेक्षा बरे अन्न, बरे कपडे आणि मळ्यामळ्यांतून फिरण्याची मोकळीक असलेला. लायकोसच्या भाषेत सांगायचे तर तो गामा! ज्याला बक्षीस देऊन मालकांनी इतरांपासून तोडले असे त्यांना वाटत होते, त्यानेच मळ्यांमळ्यांतील माणसे एकत्र बांधली. ब्राऊन यांना ही शक्यता सुचलेली दिसत नाही. त्यांच्या त्रयीत लाल लोक बव्हंशी सोसतात, गातात, मरतात आणि डॅरोची वाट पाहतात. सेव्हरो आहे, रॅग्नार आहे, खाणकामगारांतून आलेला वृद्ध डान्सर आहे. पण डॅरो तिसऱ्या खंडाच्या आरंभी शत्रूच्या कैदेत असतो तेव्हा सारा उठाव मोडकळीस येतो आणि तो सुटल्यावरच पुन्हा उभा राहतो. तुसांला जून १८०२ मध्ये नेपोलियनच्या सेनापतीने कपटाने पकडले. ७ एप्रिल १८०३ रोजी फ्रान्सच्या थंडगार डोंगरातील फोर द जू या किल्ल्यात तो मेला. बंड थांबले नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरात व्हर्तिएर येथे फ्रेंचांचा अखेरचा पराभव झाला आणि १ जानेवारी १८०४ रोजी देसालीनने हैतीचे स्वातंत्र्य घोषित केले.

मघाशी लेखक पळतो असे जे म्हटले ते याच संदर्भात. सुवर्णवर्गाचे श्रेष्ठत्व शरीरात उतरविल्यानंतर त्याला उत्तर म्हणून त्याने दुसरे सोन्याचे शरीर उभे केले. लोखंड हे लोखंड राहून राज्य मोडू शकते का, हा प्रश्न त्याने बाजूला ठेवला. एका परीने डॅरोचे परिवर्तन हा प्लेटोला दिलेला सणसणीत टोला आहे, कारण धातू देवाने घातलेला नसून शल्यविशारद तो घालू शकतो हे त्यातून सिद्ध होते. पण न बदललेल्या कोट्यवधी लालांचे काय? स्पार्टाकसच्या सोबत्यांच्या हाती स्वयंपाकघरातील सुऱ्या होत्या. अपुरी साधने घेऊन अपुऱ्या माणसांनी केलेल्या बंडाची गोष्ट सांगणे कठीण असते, आणि खपाऊ कादंबरीच्या चौकटीत तर फारच कठीण. हे मान्य करूनही ही उणीव मला मोठी वाटते.

राज्य उलथल्यानंतरचे प्रकरण त्रयीत थोडक्यात आटोपले आहे. राज्यप्रमुख ऑक्टेव्हिया औ ल्यून मारली जाते आणि नव्या राज्याची सूत्रे मस्टँग ऊर्फ व्हर्जिनिया हाती घेते. ती शहाणी आहे, न्यायी आहे, डॅरोची सहचरी आहे. आणि इओला फासावर देणाऱ्या नीरोची मुलगीही आहे. लेखकाला यात समेट दिसतो. तुसांने काय केले तेही पाहण्यासारखे आहे. साखरेवाचून वसाहत जगणार नाही, शस्त्रे विकत घेता येणार नाहीत, म्हणून त्याने १८०० साली मुक्त झालेल्या लोकांना पुन्हा मळ्यांवर परत जाण्याचा लष्करी शिस्तीचा हुकूम काढला. उत्पन्नात वाटा मिळणार होता, पण मळा सोडून जाण्याची मुभा नव्हती. १८०१ च्या राज्यघटनेने तो तहहयात गव्हर्नर झाला. त्याच वर्षी उत्तरेत मळेकऱ्यांविरुद्ध उठाव झाला. त्याला चिथावणी दिल्याच्या आरोपावरून त्याने आपल्या पुतण्याला, सेनापती मोईज याला, गोळ्या घालून ठार करविले. आणि स्वतंत्र हैतीपुढे १८२५ साली फ्रान्सच्या राजाने लढाऊ जहाजे उभी करून मळेवाल्यांच्या ‘नुकसानभरपाई’पोटी १५ कोटी फ्रँकांची मागणी केली. १८३८ मध्ये ती ९ कोटींवर आली. मालकांनी गमावलेल्या मालमत्तेत मुक्त झालेल्या माणसांच्या स्वतःच्या देहांची किंमतही धरलेली होती.

ब्राऊन यांनाही हा भाग राहून गेल्याची जाणीव झाली असावी. ‘आयर्न गोल्ड’ (२०१८) हा चौथा खंड दहा वर्षांनंतरचे नवे प्रजासत्ताक दाखवितो. खाणींतून बाहेर काढलेली लाल कुटुंबे छावण्यांतील चिखलात दिवस काढीत आहेत, आणि लालांतीलच एक जहाल टोळी अशाच एका छावणीवर चालून जाते, कारण तेथे गामा राहतात. बक्षीस देणारे राज्य गेले, बक्षिसाचा द्वेष मागे राहिला. कलाकृती म्हणून हा खंड विस्कळीत आहे, पण या एका प्रसंगासाठी मी त्याला पहिल्या खंडाच्या शेजारी बसवीन.

हेलॉटांचे पुढे काय झाले, ते सांगावयाचे राहिले. इ. स. पू. ४६४ च्या सुमारास स्पार्टात मोठा भूकंप झाला तेव्हा त्यांनी बंड केले आणि इथोमे पर्वताचा आश्रय घेऊन ते कित्येक वर्षे लढले. अखेर त्यांना देश सोडून जावे लागले. त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षांनी, इ. स. पू. ३७१ मध्ये, ल्यूक्ट्राच्या रणात थिबीझच्या एपामिनोंडासने स्पार्टाचे कंबरडे मोडले. पुढच्या मोहिमेत तो लॅकोनियात शिरला आणि ३६९ मध्ये इथोमेच्याच पायथ्याशी त्याने मेसेनी हे नगर वसविले. देशोधडीला लागलेल्या मेसेनियनांना दूरदूरहून बोलावून आणले. त्या नगराच्या तटबंदीचे मोठे भाग आजही उभे आहेत. ३६२ मध्ये मँटिनियाच्या लढाईनंतर थकलेल्या ग्रीक राज्यांनी आपसांत सर्वसाधारण तह केला. स्पार्टाने त्यावर शपथ घेण्याचे नाकारले, कारण तहात मेसेनियनांचेही नाव होते.